गरज आणि नासाडी : हवामानबदलाच्या काळातील आपले रोजचे जगणे

गेल्या जूनअखेरीस शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात नववीच्या वर्गात वीजबचतीवर बोलण्याचा प्रसंग आला. पाऊस अद्याप लागला नव्हता. वर्गातील दोन्ही पंखे पूर्ण वेगाने फिरत होते आणि तरीही मुलांच्या सदऱ्यांच्या पाठी घामाने ओल्या होत्या. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, वीज जपून वापरा, गरज नसताना पंखे-दिवे बंद करा, असे मी सांगत होतो. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या घरी एकच पंखा आहे. तोही बंद करायचा काय?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. तिचे घर पत्र्याच्या छपराचे आहे आणि तिचे आईवडील दोघेही मजुरीला जातात, हे मला ठाऊक होते. त्या दिवशी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तथापि तो प्रश्न मनातून गेला नाही. शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहिण्याचे ठरले तेव्हा त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे, असे वाटले. प्रश्न एका मुलीचा असला, तरी तो आपल्या सर्वांचा आहे. आपल्यापैकी काहींच्या घरी आजही एकच पंखा आहे आणि काहींच्या घरी आता प्रत्येक खोलीत वातानुकूलन यंत्र आहे. दोघांनाही एकच उपदेश करून चालणार नाही.

उष्णता कोठून आली

मी इतिहासाचा शिक्षक आहे, त्यामुळे हवामानबदलाकडेही इतिहासाच्या अंगाने पाहण्याची सवय लागली आहे. सूर्याची उष्णता पृथ्वीवर येते आणि तिचा काही भाग पुन्हा अवकाशात जातो. हवेतील कार्बन डायऑक्साइड, मिथेन, बाष्प हे वायू त्या परतणाऱ्या उष्णतेचा काही अंश अडवून धरतात. हे वायू मुळीच नसते, तर पृथ्वी गोठून गेली असती. गोधडी अंगावर असणे चांगलेच. पण एकावर एक गोधड्या चढत गेल्या की जीव गुदमरतो. आज तसे होत आहे.

हे ज्ञान अलीकडचे नाही. १८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट या स्त्रीने काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेले नळकांडे सर्वांत अधिक तापते व थंड व्हायलाही अधिक वेळ घेते, असे दाखवून दिले. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी अधिक उष्ण होईल, हा निष्कर्षही त्यांनी मांडला. या युनिस फूट स्त्रियांच्या समान हक्कांसाठी १८४८ साली सेनेका फॉल्स येथे निघालेल्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होत्या. त्यांचा शोधनिबंध विद्वानांच्या सभेत एका पुरुष शास्त्रज्ञाने वाचून दाखवला आणि पुढे दीडशे वर्षे त्यांचे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले. ज्ञान कोणाच्या तोंडून आले यावर त्याची किंमत ठरवणारा समाज कसा तोट्यात जातो, याचे हे एक उदाहरण होय.

जेम्स वॉटने १७६९ साली आपल्या सुधारित वाफेच्या इंजिनाचे पेटंट घेतले, त्या सुमारास हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजमाप सुरू केले, तेव्हा ते सुमारे ३१५ झाले होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. म्हणजे वाढीचा मोठा भाग गेल्या पाऊणशे वर्षांतला, माझ्या वडिलांच्या आणि माझ्या हयातीतला आहे. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ साली पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते. १.५ अंशांची जी मर्यादा पाळण्याचा प्रयत्न करू, असे जगातील देशांनी २०१५ साली पॅरिसमध्ये मान्य केले होते, ती एका वर्षापुरती का होईना, ओलांडली गेली.

दीड अंश ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु ही सरासरी आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेलेला आपण पाहिला आहे. समुद्र तापल्याने हवेत बाष्प अधिक साठते आणि पाऊस आला तर तो कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कोणत्याही एका दिवसाचा दोष केवळ हवामानबदलावर टाकता येत नाही, पण अशा दिवसांची शक्यता त्यामुळे वाढते. आणि असा दिवस उगवतो तेव्हा सर्वप्रथम पाणी कोणाच्या घरात शिरते? नाल्याकाठच्या वस्तीत. ऊन कोणाला लागते? रस्त्याचे डांबर टाकणाऱ्याला, वीटभट्टीवरच्या बाईला, कापूस वेचणाऱ्या हातांना. निसर्ग जात पाहत नाही हे खरे. पण कोणाचे घर सखल जागी आहे आणि कोण भर दुपारी उघड्यावर राबतो, हे आपल्या समाजाने फार पूर्वी ठरवून टाकले आहे.

वाटा कोणाचा किती

भारतात दर माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी साडेचार टनांहून अधिक आहे आणि अमेरिकेची सुमारे चौदा टन. जगातील सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोक एकूण उत्सर्जनाच्या जवळजवळ निम्म्या भागास कारणीभूत आहेत. हे आकडे ऐकून आपल्यातील पुष्कळजण म्हणतात, "मग आम्ही का बदलायचे?" हा प्रश्न अन्यायाच्या जाणिवेतून येतो, म्हणून तो झिडकारू नये.

परंतु "भारताची सरासरी दोन टन" या वाक्याच्या आड लपण्याचा अधिकार सर्वांना सारखा नाही. सरासरीत माझ्या त्या विद्यार्थिनीचे घर आहे आणि तीन मोटारी बाळगणारा बंगलाही आहे. तिच्या कुटुंबाच्या काटकसरीवर बंगल्याची चैन झाकली जाते. आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज बँकेत, सरकारी सेवेत, अभियांत्रिकीत, वैद्यकीत आहेत. काही परदेशांत आहेत. हा आनंदाचा भाग आहे. मात्र आपण आता सरासरीच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे तपासावे.

साधेपणा आणि वंचना

पर्यावरणावरील भाषणांत "आपले पूर्वज किती साधे राहत" असे वाक्य हमखास येते. माझी आजीही साधी राहत होती. कंदिलाच्या उजेडात स्वयंपाक करी, राखेने भांडी घाशी, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवी आणि शेतावर पायी जाई. तिच्या राहणीतून निघणारा कार्बन नगण्य होता. पण ती राहणी तिने निवडलेली नव्हती. चुलीच्या धुराने तिचे डोळे अधू झाले होते आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी तिला मैलभर चालावे लागे. त्या जगण्याला साधेपणा म्हणणे म्हणजे तिच्या दुःखाला अलंकार चढवणे होय.

या बाबतीत बाबासाहेबांची भूमिका लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे योजनेची पायाभरणी त्याच काळातली. देशातील माणसाला दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, असे त्यांनी १९४३ साली वीज विकासाच्या धोरणाविषयी बोलताना स्पष्टपणे मांडले होते. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून संस्कृती घडत नाही, हा त्यांचा विचारही प्रसिद्ध आहे. तेव्हा वीज, पंखा, गॅसची शेगडी, बस ही आपल्या लेखी पापाची साधने नाहीत. ती मिळवण्यासाठी दोन पिढ्या झिजल्या आहेत.

म्हणून मी बचतीची व्याख्या अशी करतो : गरज भागवताना होणारी नासाडी थांबवणे म्हणजे बचत. गरजच मारणे ही बचत नव्हे. ज्याच्या घरी गरज अजून भागलेली नाही, त्याला आधी त्याचा वाटा मिळाला पाहिजे. ज्याची भागली आहे, त्याने आपल्या नासाडीचा हिशेब मांडला पाहिजे.

विजेचा हिशेब

आपल्या देशातील विजेचा सुमारे सत्तर टक्क्यांहून अधिक भाग आजही कोळशापासून निर्माण होतो. सर्व स्रोत मिळून एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एवढा एक आकडा ध्यानात ठेवला की कोणती सवय किती मोलाची, हे घरबसल्या काढता येते.

पुष्कळांना वाटते की मोबाइलचा चार्जर काढून ठेवला की पर्यावरण वाचले. मोबाइल वर्षभर रोज चार्ज केला, तरी सहा-सात युनिटच वीज लागते. याउलट जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी प्रकारच्या पंख्याला सुमारे ३० वॉट पुरतात. दिवसाला १२ तास आणि वर्षातील ३०० दिवस पंखा चालला असे धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला १६२ युनिट वाचतात. म्हणजे शंभर किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड कमी होतो. वारा तेवढाच मिळतो. साठ वॉटच्या जुन्या बल्बच्या जागी नऊ वॉटचा एलईडी दिवा लावणे हीदेखील याच जातीची सुधारणा होय. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून असे ३६ कोटींहून अधिक दिवे देशभर वाटले गेले. उजेड कमी न होता वीज वाचली, ती अशी.

वातानुकूलन यंत्राचा हिशेब याहून मोठा आहे. दीड टनाचे यंत्र रात्रभर चालले तर सहज सात-आठ युनिट वीज जाते. तापमान एक अंशाने वर ठेवले, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाचे सांगणे आहे. अठराऐवजी सव्वीस अंश ठेवून सोबत पंखा मंद लावला, तर झोप तितकीच शांत लागते. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्याची हवा कोरडी असल्याने एप्रिल-मे महिन्यांत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चांगले काम देतो आणि त्याला यंत्राच्या तुलनेत फार थोडी वीज लागते. कोकणच्या दमट हवेत तो उपयोगी पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक उपाय प्रत्येक गावाचा नसतो.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र छपरावर आहे. पत्रा किंवा स्लॅब यांवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात दिला, तर ऊन परतवले जाते आणि आतले तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अनेक बळी गेल्यावर अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्माघात प्रतिबंधाची योजना आखली. पुढे तेथे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले गेले. ज्याच्या घरी एकच पंखा आहे, त्याच्या उपयोगाचा उपाय हा असा आहे. यात त्याला काही सोडावे लागत नाही. उलट काही मिळते.

चूल, ताट आणि कापड

घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो वायू असतो आणि तो जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. डाळ-कडधान्य आधी भिजवणे, कुकर वापरणे, भांड्यावर झाकण ठेवणे, उकळी आल्यावर आच मंद करणे या आपल्या आयाबहिणींना ठाऊक असलेल्या गोष्टी आहेत. महिनाभर चालणारी टाकी याने सहा दिवस जास्त चालली, तर वर्षाला दोन टाक्यांचे पैसे आणि ऐंशीहून अधिक किलो कार्बन वाचतो. पण हिशेब कोणी असा मांडू नये की सरपण आणि गोवऱ्या निसर्गातल्या, म्हणून चूल बरी. चुलीचा धूर बाईच्या फुप्फुसात जातो, आणि त्यातील काजळीही हवेचे तापमान वाढवते. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत शेगडी पोहोचली; दुसरी टाकी भरायला पैसे नसल्याने काही घरांत चूल पुन्हा पेटली. तिथे गरज अजून भागलेली नाही.

आता ताटाकडे वळू. जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे आठ ते दहा टक्के भाग वाया जाणाऱ्या अन्नाशी निगडित आहे. फेकलेल्या भातामागे शेताचे पाणी, खत, वाहतूक, गॅस हे सारे फेकलेले असते. शिवाय हवा न लागता ढिगाऱ्यात कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो आणि तो वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता अडवतो. दोनशे मुलांच्या पंगतीत प्रत्येकाने पन्नास ग्रॅम अन्न टाकले, तर एका वेळेला दहा किलो अन्न वाया जाते. ज्या वसतिगृहाची सुरुवात मूठमूठ धान्य गोळा करून झाली, तिथे हे शोभत नाही. थोडे वाढून घ्यावे, लागले तर पुन्हा घ्यावे, आणि तरीही जे उरेल ते हवेशीर खड्ड्यात पालापाचोळ्यासह टाकून त्याचे खत करावे. लग्नसमारंभांत आता मांडवभर पदार्थांची रांग लावण्याची रीत आपल्यातही शिरली आहे. चार पदार्थ कमी केले तर यजमानाची इज्जत जात नाही. अनेकदा त्याचे कर्ज मात्र कमी होते.

मांसाहाराविषयी एक शब्द. पाश्चात्य देशांत मांस कमी खा, असा सल्ला दिला जातो आणि तो तेथे योग्यच आहे; अमेरिकेत माणशी वर्षाला शंभर किलोहून अधिक मांसाचा पुरवठा होतो. भारतात हे प्रमाण त्याच्या काही टक्केच आहे आणि जगातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी आहे. म्हणून पर्यावरणाचे नाव घेऊन कोणी गरिबाच्या ताटातील अंडे किंवा मासळी यांवर बोट ठेवत असेल, तर त्याच्याकडे हिशेब मागावा. वाढत्या मुलांना प्रथिने हवीतच. मात्र ज्वारी-बाजरीची भाकरी ही आपली जुनी मिळकत आहे. भाताच्या साचलेल्या पाण्याच्या शेतातून मिथेन निघतो. ज्वारी-बाजरी कमी पाण्यात, कोरडवाहू जमिनीत येते. आठवड्यातून दोन-तीन वेळा भाकरी ताटात परत आणली, तर आरोग्याचाही लाभ आहे.

कापडाबद्दल विनयपिटकातील एक प्रसंग मला वर्गात सांगायला आवडतो. उदयन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. इतक्या वस्त्रांचे भिक्षू करतो काय, अशी शंका राजाला आली आणि त्याने विचारले. आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांची आच्छादने. त्यांची पुढे अंथरुणे, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकीही विरली की त्यांच्या चिंध्या चिखलात मळून जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आज एका सुती शर्टाच्या कापसापासून शिलाईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज आहे. कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला त्या पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. दर समारंभाला नवे कपडे घेण्याआधी आनंदांचे उत्तर आठवावे.

प्रवास

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला पंधरा किलोमीटर चालणारी मोटार दर किलोमीटरला सुमारे १५० ग्रॅम, तर पन्नास किलोमीटर चालणारी दुचाकी सुमारे ४५ ग्रॅम कार्बन सोडते. एसटीची भरलेली बस दर किलोमीटरला सुमारे ६०० ग्रॅम सोडत असली, तरी चाळीस प्रवाशांत वाटणी केल्यावर एकेकाच्या वाट्याला पंधरा ग्रॅम येतात. म्हणजे मोटारीत एकट्याने जाणारा माणूस एसटीतील प्रवाशाच्या दहापट भार टाकतो. ज्या बाईला मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट मिळते आणि जी त्यामुळे बसने फिरू लागली, ती नकळत हवामानाचेही काम करते आहे. स्नेहसंमेलनाला येताना एकाच शहरातील चार माजी विद्यार्थी चार मोटारींतून येतात. ते एका मोटारीतून आले तर वाटेत जुन्या गप्पाही होतील. किलोमीटर-दोन किलोमीटरचे अंतर चालावे किंवा सायकलने जावे, हे सांगण्याची गरज नसावी.

आपले मेळावे आणि आपली झाडे

१४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला आपण उत्साहाने रोपे लावतो. छायाचित्रे निघतात. पण हे दोन्ही दिवस ऐन उन्हाळ्यात येतात आणि पाण्यावाचून बहुतेक रोपे जूनपूर्वीच करपतात. आपल्या आवारातही असेच झाले आहे आणि त्यात माझाही दोष आहे, कारण ती रोपे लावणाऱ्यांत मी होतो. त्या दिवशी खड्डे खणून ठेवावेत, माती तापू द्यावी आणि रोप आषाढ पौर्णिमेला, म्हणजे वर्षावासाच्या आरंभी लावावे. पावसाळ्यात कोवळे अंकुर पायाखाली चिरडू नयेत म्हणून भिक्षूंनी एका जागी राहावे, हे वर्षावासाच्या नियमामागचे एक कारण होते. रोप लावण्यास त्याहून योग्य मुहूर्त कोणता? आणि प्रत्येक रोप एका विद्यार्थ्याच्या नावे असावे. पुढच्या उन्हाळ्यात त्याला पाणी घालणारा कोण, हे आधी ठरलेले असावे.

दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर लाखो लोक जमतात. प्रत्येकाने घरून पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा नेला, तर दुसऱ्या दिवशी मैदानावर दिसणारा कचरा कितीतरी कमी होईल. प्लास्टिक आणि तापमानवाढ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण प्लास्टिक खनिज तेलापासून बनते आणि गटारे तुंबवून पुराचे संकट वाढवते, एवढा त्यांचा संबंध आहे.

पाण्याबाबत तर आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी लढलेला हा समाज आहे. नळ गळत असताना आपण शांतपणे शेजारून जातो, तेव्हा त्या ओंजळीचा विसर पडलेला असतो. शिवाय टाकीत चढवलेले प्रत्येक लिटर पाणी विजेनेच चढते. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला व संडासात वापरता येते.

व्यक्तीची मर्यादा

एवढे सगळे केले म्हणजे हवामानबदल थांबेल काय? नाही. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता सुमारे २,९०० मेगावॉट आहे. तेथे कोळसा जळायचा की नाही, हे माझ्या घरच्या बटणावर ठरत नाही. ते धोरणावर ठरते. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मंडळाने २०२२ च्या अहवालात म्हटले आहे की लोकांच्या मागणीत व सवयींत बदल झाल्यास २०५० पर्यंत वापराच्या क्षेत्रांतील उत्सर्जन ४० ते ७० टक्क्यांपर्यंत घटू शकते. मात्र त्याला योग्य धोरण, सोयी आणि तंत्रज्ञान यांची जोड हवी. बस वेळेवर आली तरच माणूस बसने जाईल. म्हणून ग्रामसभेत, नगरपालिकेत, निवडणुकीच्या सभेत बस, पाणी, सावली, उन्हाच्या वेळी मजुरांना सुट्टी, वस्तीतील छपरे हे विषय मांडणे, हीसुद्धा एक सवय आहे आणि ती लावून घ्यावी लागते. २०२४ पासून घराच्या छतावर सौर संच बसवण्यासाठी केंद्र सरकार तीन किलोवॉटपर्यंत ७८,००० रुपयांचे अनुदान देत आहे. ज्यांचे स्वतःचे पक्के छत आहे त्यांनी त्याचा लाभ घ्यावा. आणि ज्यांना छतच नाही त्यांचे काय, हा प्रश्न विचारत राहावा.

त्या मुलीला उत्तर

आता त्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. नाही बाळ, तुमचा पंखा बंद करायचा नाही. तू त्याखाली बसून अभ्यास कर. मार्च महिन्यात छपराला चुना द्या, घर थोडे निवेल. पंखा बदलण्याची वेळ येईल तेव्हा कमी विजेचा घ्या. आणि उद्या शिकून मोठी झालीस, चार खोल्यांचे घर बांधलेस, तर रिकाम्या खोलीतील पंखा मात्र न चुकता बंद कर.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. दरवर्षी आपण शाळेत येता, शाल आणि पुष्पगुच्छ स्वीकारता, शाळेला स्मृतिचिन्ह भेट देता. कार्यालयातील कपाट स्मृतिचिन्हांनी भरले आहे. यापुढे भेट द्यायचीच असेल तर वसतिगृहासाठी कमी विजेचा एक पंखा द्या, किंवा काहींनी मिळून आंघोळीच्या पाण्यासाठी सौर बंब बसवून द्या; हिवाळ्यात पहाटे लाकडे फोडून बंब पेटवणारी मुले तुम्हाला दुवा देतील. चाळीस पंखे बदलले तर वर्षाला सहा हजारांहून अधिक युनिट वाचतील आणि विजेच्या बिलातून उरलेल्या पैशांत ग्रंथालयात पुस्तके येतील. पंख्यावर दात्याचे नाव लिहिण्याची व्यवस्था मी करतो. मे महिन्यात त्याखाली अभ्यास करणारे मूल वर पाहील, तेव्हा ते नाव वाचेल.